एक्स्चेंजमधला माणूस पडद्यावर कधी येणार?

जिल्ह्याच्या गावी टेलिफोनच्या स्ट्रोजर एक्स्चेंजमध्ये माझी निम्मी नोकरी गेली. रात्रपाळीला हॉलमध्ये बसलेलं असावं, गावात कुणीतरी डायल फिरवावी आणि समोरच्या रॅकमध्ये सिलेक्टर खटखट करत वर चढावा. आवाजावरून कळायचं, कुठला रिले अडकतोय, कुठल्या काँटॅक्टवर धूळ बसलीय. वायरी सोल्डर करायला माणसं लागतात, त्या तपासायला वेगळी, आणि यंत्र रात्रंदिवस चालतं ठेवायला आणखी वेगळी. हे मी हातांनी शिकलो.

म्हणून गेल्या महिन्यात नातीसोबत ‘द इमिटेशन गेम’ पाहताना मी अस्वस्थ झालो. २०१४चा हा चित्रपट, दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडमधल्या ब्लेचली पार्कच्या गुप्त केंद्रात जर्मनांच्या ‘एनिग्मा’ यंत्राचे सांकेतिक संदेश उलगडणाऱ्यांचा. बेनेडिक्ट कंबरबॅचनं ॲलन ट्युरिंग जीव ओतून उभा केलाय. १९५२ साली समलैंगिक संबंधांवरून त्याच्यावर खटला चालला, त्यानंतरची त्याची अवस्था पाहून माझे डोळे भरून आले. पण संदेश उलगडणाऱ्या यंत्राचा भाग आला, की हा माणूस जवळजवळ एकट्यानं वायरी जोडताना दिसतो, सहकारी त्याच्यावर चिडलेले.

“आबा, हे सगळं एकट्यानं केलं त्यानं?” नातीनं विचारलं. ती इंजिनियरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. चित्रपटानं तिला हेच सांगितलं होतं.

खरं तर पोलंडच्या मारियन रेयेव्स्कीनं फ्रेंच हेरखात्याच्या कागदांची मदत घेऊन १९३२ सालीच एनिग्माची आतली वायरिंग गणितानं शोधली होती. युद्ध तोंडावर आलं तेव्हा, जुलै १९३९मध्ये, पोलिश मंडळींनी आपलं सगळं ज्ञान वॉर्सोजवळ ब्रिटिशांच्या आणि फ्रेंचांच्या हवाली केलं. ट्युरिंगनं त्यापुढची, जास्त ताकदीच्या यंत्राची कल्पना मांडली. हॅरॉल्ड कीन या इंजिनियरनं ती लेचवर्थच्या कारखान्यात घडवली आणि गॉर्डन वेल्चमनच्या ‘डायगोनल बोर्ड’मुळे ते यंत्र कितीतरी जलद झालं. पोलंडला चित्रपटात ओझरता उल्लेख मिळतो. वेल्चमन तर पात्र म्हणूनही नाही.

चर्चिलला लिहिलेल्या पत्राचंच घ्या. पडद्यावर ट्युरिंग एकटा पत्र धाडतो आणि प्रमुख होतो. ऑक्टोबर १९४१च्या खऱ्या पत्रावर ट्युरिंग, वेल्चमन, ह्यू अलेक्झांडर आणि स्टुअर्ट मिल्नर-बॅरी अशा चौघांच्या सह्या होत्या. मागणी काय, तर माणसं द्या. कारकून, टंकलेखक, यंत्रं चालवायला नौदलाच्या महिला दलातल्या ‘रेन्स’. अपुऱ्या माणसांवर एक्स्चेंज चालवलेल्या कुणालाही ते पत्र आपलंच वाटेल. इतकी खरी, इतकी नाट्यमय गोष्ट हाताशी असताना ती का बदलावी?

त्याहून गंभीर म्हणजे, रशियाचा हेर जॉन केर्नक्रॉस ट्युरिंगला धमकावतो आणि ट्युरिंग गप्प बसतो, असा प्रसंग चित्रपटात रचलाय. असं काही घडलं नव्हतं. ज्या माणसाचा देशानं छळ केला, त्याच्या माथी देशद्रोह झाकल्याचा डाग लावणं मला अन्यायाचं वाटतं. चित्रपटाला मोकळीक हवी, मान्य. मेलेल्या माणसाच्या चारित्र्यापर्यंत ती जाऊ नये.

ट्युरिंगला दुसऱ्यांच्या हातांची किंमत कळत होती, याचा पुरावा म्हणजे टॉमी फ्लॉवर्स. हा ब्रिटिश पोस्ट खात्याचा टेलिफोन इंजिनियर. पूर्व लंडनमधल्या गवंड्याचा मुलगा, जन्म १९०५चा, उमेदवारी करता करता रात्रीच्या वर्गांना बसून पदवी मिळवलेला. रिलेच्या एका कामासाठी ट्युरिंगनं त्याची मदत घेतली आणि नंतर त्याची गाठ ब्लेचलीतल्या गणितज्ञ मॅक्स न्यूमनशी घालून दिली. न्यूमनला जर्मन वरिष्ठांचे ‘लॉरेन्झ’ यंत्रावरचे सांकेतिक संदेश उलगडायला यंत्र हवं होतं. फ्लॉवर्स म्हणाला, व्हॉल्व्ह (जुन्या रेडिओत असायच्या त्या काचेच्या नळ्या) वापरू, दीड हजारांवर. ब्लेचलीतल्या वरिष्ठांना ते पटेना, इतके व्हॉल्व्ह एकत्र टिकतील कसे? फ्लॉवर्सला एक्स्चेंजमधल्या प्रयोगांमुळे ठाऊक होतं, की व्हॉल्व्ह जातो तो चालू-बंद करताना. सतत चालू ठेवला तर टिकतो. आमच्या घरचा रेडिओसुद्धा बटण फिरवल्याक्षणीच दगा द्यायचा, ते मला आठवलं.

पन्नासेक माणसं घेऊन, गाठीचे पैसे घालून, त्यानं डॉलिस हिलच्या प्रयोगशाळेत अकरा महिन्यांत ‘कोलोसस’ उभा केला. कागदी पट्टीवरची सेकंदाला पाच हजार अक्षरं वाचणारा. जानेवारी १९४४मध्ये तो ब्लेचलीला पोचला. सुधारलेला दुसरा १ जूनला चालू झाला. नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर सैन्य उतरलं ६ जूनला. युद्ध संपेपर्यंत असे दहा झाले आणि त्यांच्यावर अडीचशेहून जास्त रेन्सनी काम केलं.

मग गुप्ततेचा हुकूम आला. फ्लॉवर्सनं आपले आराखडे स्वतः भट्टीत टाकले. त्याला हजार पौंडांचं बक्षीस मिळालं, त्यात खिशातून घातलेलेही भरून निघाले नाहीत. पुढे तसंच यंत्र बनवायला त्यानं बँक ऑफ इंग्लंडकडे कर्ज मागितलं. असं यंत्र चालेल यावर बँकेचा विश्वास बसला नाही आणि ‘मी बनवलंय’ हे सांगायची त्याला मुभा नव्हती. सत्तरीच्या दशकापर्यंत हे सगळं दडलेलं राहिलं.

यात काही घुसडायची गरज आहे का? भट्टीसमोरचा तो माणूस, बँकेतलं ते टेबल, व्हॉल्व्हच्या उष्णतेनं तापलेल्या खोलीत पट्टी चढवणाऱ्या त्या मुली. नातीला मी हे सारं सांगितलं, तेव्हा तिनं विचारलं, “याच्यावर पिक्चर का नाही काढला?”

काढला, तर त्यात एक प्रसंग असावा. साल १९९३. सत्त्याऐंशी वर्षांचे फ्लॉवर्स हेंडन कॉलेजात जातात, संगणक वापरण्याचा प्राथमिक अभ्यासक्रम पूर्ण करतात आणि प्रमाणपत्र घेऊन घरी येतात.