एका प्लॉटवरून अख्ख्या गावाचा हिशोब?

पेरणी तोंडावर आली की मोबाईलवर व्हिडिओ सुरू होतात. "एकरी 18 क्विंटल सोयाबीन!" मागं कंबरेइतकं पीक, पुढं हसणारा शेतकरी. तो खोटं बोलतोय असं माझं म्हणणं नाही. पण ते रान माझ्या रानासारखं आहे का?

बऱ्याचदा तो 10 गुंठ्यांचा प्लॉट असतो. साडेचार क्विंटल निघालं, चारानं गुणलं, झालं एकरी 18! जमीन भारी काळी, शेंगा भरताना पावसानं दडी मारली की लगेच तुषार सिंचन. आपल्यातल्या कित्येकांचं सोयाबीन मुरमाड रानात, पावसाच्या भरवशावर. कोणी म्हणेल, एक नाही, दहा व्हिडिओ आहेत. असू द्या. ज्याचं चार क्विंटलवर आटोपलं, तो कशाला व्हिडिओ काढतोय?

खरं तर ही अक्कल आपल्याला आधीपासून आहे. माती परीक्षणाला बांधाजवळची, झाडाखालची, शेणखताचा ढीग होता तिथली माती आपण घेत नाही. नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणची घेतो, मिसळतो, त्यातली अर्धा किलो पाठवतो. हलक्या अन् भारी रानाचा नमुना वेगळा. उकिरड्याची माती दिली तर रिपोर्ट झकास येईल, पण खताचा डोस चुकेल.

घरच्या बियाण्याचंही तेच. उगवण तपासताना थप्पीतल्या वरच्याच पोत्यातून मूठभर घेऊ नका. सोयाबीनचं टरफल नाजूक, आदळलेल्या पोत्यात मार बसलेला असतो. सगळ्या पोत्यांतून वरून, मधून, खालून थोडं थोडं काढा, मिसळा, न निवडता 100 दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळा. 70 किंवा जास्त उगवले तर नेहमीचं प्रमाण, कमी उगवले तर एकरी बियाणं वाढवा. टपोरे दाणे वेचून 90 उगवले, तर ते 90 त्या दाण्यांचे, पोत्याचे नाहीत.

म्हणून बॅग घेताना दुकानदाराला विचारा: प्लॉट किती गुंठ्यांचा, जमीन कसली, पाणी किती दिलं? आपल्या भागात कोरडवाहूत हाच वाण कोणाकोणाचा होता अन् सगळ्यांत कमी किती निघालं? हा शेवटचा प्रश्न सोडू नका, तो विचारला की बऱ्याच जणांना दुसरं गिऱ्हाईक आठवतं.

माझं निम्म्याहून जास्त रान हलकं. यंदा नव्या वाणाच्या दोनच बॅगा घेतोय, त्या हलक्यातच पेरणार, शेजारी जुना वाण. काढणीला दोन्हीचं वजन इथंच टाकतो, कमी निघालं तरी.