विश्लेषण : उसाची ट्रॉली किती रुंद भरता येते? कायदा काय सांगतो?

गळीत हंगाम सुरू झाला की पश्चिम महाराष्ट्र आणि मराठवाड्यातील रस्त्यांवर उसाच्या ट्रॉल्यांच्या रांगा लागतात. रात्री मागून येणाऱ्या दुचाकीस्वाराला पुढच्या ट्रॅक्टरचा आवाज येतो, पण ट्रॉलीच्या दोन्ही बाजूंना बाहेर आलेली उसाची टोके दिसत नाहीत. दिसतात तेव्हा उशीर झालेला असतो. याला कायद्याची पळवाट म्हणावे, तर तसेही नाही.

नियम काय आहे?

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ९३ नुसार वाहनाची रुंदी २.६ मीटरपेक्षा जास्त असू नये. बाजूचे आरसे त्यात धरत नाहीत. कायद्याच्या व्याख्येत ट्रेलर हेही मोटार वाहनच आहे, त्यामुळे ट्रॉलीही या मर्यादेत येते. शिवाय भरलेला माल सांगाड्याच्या बाजूंबाहेर येता कामा नये. ‘शेतीचे वाहन आहे, चालते’ असे सर्रास म्हटले जाते. कृषी ट्रॅक्टरची गणना बिगर-परिवहन वाहनात होते हे खरे. पण म्हणून रुंदीची मर्यादा सुटत नाही.

हिशेब सोपा आहे. मध्यम रुंदीचा डांबरी रस्ता ५.५ मीटरचा असतो. त्यावर २.६ मीटरच्या दोन ट्रॉल्या समोरासमोर आल्या, तर जेमतेम ३० सेंटीमीटर उरतात. दोन्ही ट्रॉल्यांचा ऊस प्रत्येक बाजूला ३० सेंटीमीटर बाहेर असेल, तर एकीला साइडपट्टीवर उतरावेच लागते. एकेरी रस्ता तर ३.७५ मीटरचाच.

दंड कोणाला?

२०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १९४ (१-अ) नुसार माल बाहेर आल्यास २० हजार रुपये दंड आणि तो उतरवण्याचा खर्च. माल नीट रचल्याशिवाय वाहन पुढे नेता येत नाही. जबाबदारी चालकापुरती नाही. वाहन चालवायला लावणारा किंवा चालवू देणाराही दोषी ठरतो. हा मुद्दा महत्त्वाचा, कारण वाहतुकीचे पैसे टनावर मिळतात. खेप जितकी मोठी तितका डिझेलचा खर्च भागतो, आणि ट्रॉली किती भरायची हे बहुतेकदा एकटा चालक ठरवत नाही.

आणखी एक तरतूद फारशी कोणाला माहीत नसते. कलम ६१ नुसार ट्रेलरची नोंदणी वेगळी लागते आणि ओढणाऱ्या ट्रॅक्टरचा क्रमांक सर्वांत शेवटच्या ट्रॉलीवर दिसला पाहिजे. उसाखाली क्रमांक आणि रिफ्लेक्टर दोन्ही झाकले गेले, तर धडक देऊन गेलेले वाहन ओळखायचे कसे?

तपासणी कुठे व्हावी?

कारखान्याच्या काट्यावर ट्रॉलीचे वजन होते, रुंदी मोजली जात नाही. मोजली तरी ट्रॉली गेटवर पोहोचेपर्यंत धोक्याचा प्रवास संपलेला असतो. त्यामुळे टेप आणि कापडी रिफ्लेक्टर लागतात ते फडातून भरलेली ट्रॉली रस्त्यावर चढते त्या वळणावर, आणि तेही अंधार पडण्याआधी.