माळ्यावरचा खोका

आमची १९६४ची फियाट ११०० हल्ली खड्ड्यात उतरली की कण्हते. दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावर वडिलांनी जपलेला खोका सापडला. मागचे कमानपाटे, शॉक ॲब्सॉर्बर, रबरी बुश. सारे कोरे करकरीत! मी हरखलो. मिस्त्री मात्र म्हणाले, "साहेब, वापरलं नाही म्हणून रबर म्हातारं व्हायचं थांबत नाही."

बुशात नख रुतेना. वाकवताच तडा गेला. शॉक ॲब्सॉर्बरची सीलं सुकून तेल पाझरलेले. पाट्यांना मात्र गंजाचा ठिपकाही नव्हता.

तरी माझा जीव खोक्यातच. सौ. म्हणाली, "अहो, मामंजींची आठवण कपाटात ठेवा. गाडीत नातवंडं बसतात."

पटले. पाटे तेवढे चढवले, बाकीचे नवे आणले. वाचकहो, वडिलांनाही हेच आवडले असते. खोका मात्र अजून टाकवत नाही!