‘पूर्वी काही आजार?’

तालुक्याच्या दवाखान्यात ईसीजी निघतो. ‘अटॅक आहे, गुठळी विरघळवायचं इंजेक्शन द्यावं लागेल,’ असं म्हणत डॉक्टर कागद पुढे करतात. रक्तस्रावाचा धोका त्यावर लिहिलेला असतो. मुलगा सही करतो. वाचायला उसंत कुणाला असते?

सही करावीच. इटलीतल्या ‘जिस्सी’ चाचणीत ११,८०६ रुग्ण होते. १९८६ साली निष्कर्ष आले: गुठळी विरघळवणारं स्ट्रेप्टोकायनेज न मिळालेल्यांपैकी तीन आठवड्यांत १३ टक्के दगावले, मिळालेल्यांपैकी १०.७ टक्के. पहिल्या तासात औषध मिळालेल्यांना सर्वाधिक फायदा झाला. अँजिओप्लास्टी वेळेत होणार नसेल, तिथे आजही आधार याच उपचाराचा.

पण हृदयातली घातक गुठळी कुठली आणि दुसरीकडे जखम बुजवून बसलेली उपकारक गुठळी कुठली, हे औषधाला कळत नाही. मेंदूतल्या रक्तस्रावावर सगळ्यांचा डोळा असतो. फुफ्फुसातला क्वचितच होतो, म्हणून निसटतो. खोकल्यातून रक्त पडेलच असं नाही. धाप लागते, ऑक्सिजन उतरतो, एक्स-रे पांढरा दिसतो. थकलेल्या हृदयामुळे फुफ्फुसात पाणी साचलं तरी हेच चित्र. मग लघवीचं इंजेक्शन दिलं जातं, जोडीला रक्त पातळ करणारी औषधं चालूच राहतात. हिमोग्लोबिन झपाट्याने उतरलं, तर पाण्याऐवजी रक्ताची शंका घ्यायला हवी. म्हणून इंजेक्शननंतर धाप वाढली, की हिमोग्लोबिन पुन्हा तपासलंच पाहिजे.

माझा मुद्दा मात्र इंजेक्शनआधीच्या पाच मिनिटांचा आहे. डॉक्टर पक्षाघात, अल्सर, ऑपरेशन असं विचारतात. ‘टीबी?’ म्हटलं, की चार सोयऱ्यांसमोर उत्तर येतं, ‘छे, छे!’ मुलीच्या सोयरिकीपायी वर्षानुवर्षं झाकलेला आजार अशा गर्दीत कोण उघड करेल? आणि क्षयाने पोखरलेली फुफ्फुसातली पोकळी तर रक्तस्रावाची जागाच.

तेव्हा डॉक्टरांनी गर्दी बाहेर काढून विचारावं, ‘खोकल्यातून कधी रक्त पडलं होतं का?’ आजाराचं नाव घ्यायला लाजणारा माणूसही याचं उत्तर देतो. घरच्यांनीही लक्षात ठेवावं, ‘हो’ म्हटल्याने उपचार थांबतीलच असं नाही. डॉक्टर तोलून पाहतील: इंजेक्शन द्यावं, की अँजिओप्लास्टीसाठी कॅथलॅब असलेल्या रुग्णालयात हलवावं. दिलंच, तर फुफ्फुसावर नजर ठेवतील.