फवारणी पंपात उरलेले पेट्रोल

कामगंध सापळ्यात सलग तीन रात्री प्रत्येकी आठ पतंग आढळले की गुलाबी बोंडअळीने आर्थिक नुकसानीची पातळी ओलांडली असे मानले जाते. तेथून पुढे फवारणीसाठी मोजकेच दिवस हाती असतात. अळी एकदा बोंडात शिरली की कीटकनाशक तिच्यापर्यंत नीट पोहोचत नाही. नेमक्या त्या सकाळी पाठीवरचा पेट्रोल पंप दोरी ओढून ओढूनही सुरू झाला नाही, तर कीड सर्वेक्षणाचा सारा खटाटोप वाया जातो. पीक संरक्षणाच्या शिफारशींत औषध, मात्रा व वेळ यांचा सविस्तर ऊहापोह असतो. हंगाम संपल्यावर इंजिन कसे ठेवावे याविषयी मात्र क्वचितच एखादी ओळ आढळते. ही उणीव आता परवडणारी नाही.

कारण पेट्रोलच बदलले आहे. २० टक्के इथेनॉल मिश्रणाचे मूळचे २०३० सालचे उद्दिष्ट देशाने २०२५ मध्येच गाठले. ऊस व मका उत्पादकांना त्यातून बाजारपेठ मिळाली, हे मान्यच करावे लागेल. परंतु इथेनॉल हवेतील ओलावा शोषून घेते. रोज धावणाऱ्या मोटारसायकलीत इंधन फार दिवस टिकतच नाही. कपाशीची शेवटची फवारणी आटोपून कोपऱ्यात ठेवलेला पंप मात्र सात-आठ महिने पडून राहतो. पुरेसे पाणी साचले की त्याच्यासह इथेनॉल तळाशी बसते. टू-स्ट्रोक इंजिनाचे वंगण तेल वरच्या पेट्रोलमध्ये राहते आणि इंजिन ओढते ते तळाचे द्रव. असे इंजिन सुरू झालेच, तर वंगणाविना चालून पिस्टन जाम होण्याचा धोका असतो. न सुरू झालेले बरे!

टाकी रिकामी करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवावे, मग स्पार्क प्लग काढून सिलिंडरमध्ये तेलाचे काही थेंब सोडावेत व दोरी हळूच ओढावी. एवढ्याने बहुतेक बिघाड टळतात. तत्पूर्वी औषधाची टाकी व नळी स्वच्छ धुणे अगत्याचे आहे, कारण पुढील हंगामात तोच पंप उघड्या हातांनी खोलला जातो. तेलमिश्रित इंधन त्या दिवसापुरतेच तयार करावे.

उरलेल्या पेट्रोलचा प्रश्न अधिक गंभीर आहे. १९३४ च्या पेट्रोलियम कायद्यानुसार विक्रीसाठी नसलेले ३० लिटरपर्यंत पेट्रोल विनापरवाना बाळगता येते. परंतु ते घट्ट बुचाच्या धातूच्या, काचेच्या किंवा चिनी मातीच्या भांड्यातच. प्लॅस्टिकचा कॅन त्यात बसत नाही, आणि खेड्यापाड्यांत दिसतो तो नेमका तोच, बहुधा बियाणे व कडब्याशेजारी. नोएडातील तेल उद्योग सुरक्षा संचालनालय तेलशुद्धीकरण कारखान्यांसाठी व साठवण आगारांसाठी सुरक्षा मानके ठरवते. शेतकऱ्याच्या खोलीतील कॅन तेथवर पोहोचत नाही. तो कृषी सहायकालाच पाहावा लागेल. अनुदानावर यंत्र देताना, तसेच कपाशीच्या अखेरच्या फवारणीच्या सल्ल्यात, इंधन काढून टाकण्याची सूचना औषधाच्या मात्रेइतक्याच ठळक अक्षरांत छापावी.