वाट चुकलेल्यांची पुळण

थंडी पडू लागली की आमच्याकडच्या वर्तमानपत्रांत एक बातमी हमखास येते : कासविणी माहेरी आल्या. कधी वायंगणी, कधी तोंडवळी, कधी तांबळडेग. गाव बदलतं, माहेर तेच. मला हे माहेर फारसं पटत नाही.

ऑलिव्ह रिडलेची मादी जन्मली त्या किनाऱ्याच्या आसपासच अंडी घालायला येते, हे खरं. प्रत्येक किनाऱ्याची चुंबकीय खूण वेगळी असते आणि पिल्लू ती लक्षात ठेवतं, असं शास्त्रज्ञ मानतात. पण ज्या पुळणीवरची अंडी माणसांनी वर्षानुवर्षं खाल्ली, तिथे माहेरी येणार कोण? तळाशीलकडचे एक म्हातारे रापणकर सांगत होते, "पुळणीर माग दिसलो की काठी खुपसायची. टोक वलां झालां, की थंयच अंडी." एका घरट्यात शंभरेक अंडी. कोल्ही-कुत्री नेत ती वेगळीच. हजारातलं एखादंच पिल्लू मोठं होतं असा अंदाज आहे, आणि त्याला अंडी घालण्याजोगं व्हायला दहा-पंधरा वर्षं लागतात. एवढी वर्षं सगळी अंडी गेली, तर त्या किनाऱ्याला लेकच उरत नाही.

मग ओसाड पुळण पुन्हा भरते कशी? वाट चुकलेल्या माद्यांमुळे. 2021 साली ओडिशात पायाला पट्टी लावून सोडलेली एक रिडले जानेवारी 2025 मध्ये गुहागरच्या वाळूत अंडी घालताना सापडली. कन्याकुमारीला वळसा घालून सुमारे साडेतीन हजार किलोमीटर. त्याआधी, 2023 मध्ये, गुहागरहून उपग्रह-यंत्र लावून सोडलेली 'बागेश्री' श्रीलंकेवरून उलट बंगालच्या उपसागरात गेली होती. पूर्व किनारा आणि पश्चिम किनारा ही आपली वाटणी, कासवांनी ती मानलेली दिसत नाही. माहेर सोडून भलतीकडेच चढणाऱ्या अशा थोड्या माद्या नसत्या, तर एकदा रिकामा झालेला किनारा कायमचा रिकामाच राहिला असता.

अर्थात नुसती पाहुणी येऊन भागत नाही. तिची अंडी टिकली, तरच पुढे कुणाचं तरी माहेर होतं. कासवाला 1972 च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, पण कायदा रात्री पुळणीवर फिरत नाही. 2002 साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने वेळासला जे सुरू केलं, ते हे फिरण्याचं काम. पुढे ते आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्यातही आलं. वनखात्याबरोबर काम करणारे गावातलेच कासवमित्र पहाटे माग काढतात, अंडी उचलून कुंपणातल्या खड्ड्यात तेवढ्याच खोलीवर ठेवतात. पन्नासेक दिवसांनी पिल्लं वर येतात. नर की मादी, हे वाळूच्या उबेवर ठरतं. तापलेल्या वाळूत माद्या जास्त. म्हणून वर सावली धरायची की नाही, हा प्रश्न दिसतो तेवढा साधा नाही. यातून पाण्यात गेलेल्या पिल्लांचा हिशेब दशकाने लागतो. यंदा घरटी वाढली म्हणून यंदाच्या साहेबांनी पाठ थोपटून घ्यावी, यात म्हणूनच फार अर्थ नाही.

वाट चुकण्याच्या बाबतीत वाघांचं उलटं आहे. तिथे भटकतात ते नर. माद्या आईच्या मुलखाजवळच राहतात. तिलारी-आंबोलीच्या रानातून नर वर चांदोलीपर्यंत गेले, पण वाघीण काही पोचेना. शेवटी 2025 च्या नोव्हेंबरात ताडोब्याची वाघीण आणून तिथे सोडावी लागली. कासविणीला असं गाडीतून आणावं लागत नाही, ती आपली आपण येते. तिला चढायला वाळू मात्र हवी.

आणि वाळू तर दगडाखाली चालली आहे. देवबाग-तळाशीलच्या माणसाने धूपप्रतिबंधक बंधारा मागू नये, असं मी म्हणणार नाही. लाटा माडांच्या मुळाशी येतात तेव्हा झोप त्याची जाते, माझी नाही. पण जिथे मागे घर नाही, वाडी नाही, नुसतं सुरूबन आहे, तिथेही दगडाचे ट्रक का रिकामे होतात? बंधाऱ्याचा नकाशा पंचायतीत येतो तेव्हा कासवमित्राला एकदा बोलवा. गेल्या दहा वर्षांत घरटी कुठे सापडली, ते त्याला कागद न बघता सांगता येतं. तेवढा तुकडा वगळून दगड टाका.