मोजणारा प्रामाणिक, पण यादी कोण करतो?



जॉर्जियाच्या ब्रॅड रॅफेन्सपर्गर यांचं कौतुक आपल्या कार्यकर्त्यांच्या तोंडून मी बऱ्याचदा ऐकतो. ते रास्तच आहे. २ जानेवारी २०२१ ला ट्रम्प यांनी फोन करून ११,७८० मतं 'शोधायला' सांगितली आणि त्यांच्याच पक्षाचा हा माणूस नाही म्हणाला. पण तेवढ्यावर त्याला मतदानाच्या हक्काचा रक्षक ठरवू नका.

अमेरिकेत बहुतेक राज्यांत निवडणुकीचा कारभार पाहणारा 'सेक्रेटरी ऑफ स्टेट' स्वतःच पक्षाच्या तिकिटावर निवडून येतो. २०२२ ला जॉर्जियात या पदासाठी रॅफेन्सपर्गर यांना पक्षातूनच आव्हान दिलं जोडी हाइस यांनी, म्हणजे २०२० चा निकालच न मानणाऱ्याने. ते पडले. मग समोर आल्या डेमोक्रॅटिक पक्षाच्या बी न्विन, व्हिएतनामी निर्वासितांची मुलगी. खरा वाद तिथे होता. २०२१ च्या कायद्याने टपाली मतदानाला ओळखपत्राची अट घातली, मतपेट्या कमी केल्या, रांगेतल्या मतदाराला पाणी देणं हा गुन्हा ठरवला. न्विन यांनी विरोध केला, रॅफेन्सपर्गर यांनी समर्थन. (याच कायद्याने राज्य निवडणूक मंडळाचं अध्यक्षपद त्यांच्याकडून काढून घेतलं, ही गंमत वेगळीच.) न्विन हरल्या.

मत मोजताना चोरी न करणं वेगळं आणि मत पेटीपर्यंत पोहोचू देणं वेगळं.

त्यांच्या आधीचे ब्रायन केम्प आठवा. २०१८ ला ते गव्हर्नरपदाचे उमेदवार आणि त्याच निवडणुकीचे सेक्रेटरी ऑफ स्टेटही! नावाचं स्पेलिंग किंवा एखादं अक्षर सरकारी नोंदीशी जुळलं नाही म्हणून सुमारे ५३,००० अर्ज लटकले होते; त्यातले जवळपास सत्तर टक्के कृष्णवर्णीयांचे. ओळखपत्र दाखवून त्यांना मत देता येणार होतं, हे खरं. पण आपलं नाव अडकलंय हे कळल्यावर किती जण केंद्रावर जायची हिंमत करतात? २०१३ पर्यंत जॉर्जियाला मतदानाचे नियम बदलायला केंद्राची पूर्वपरवानगी लागायची. शेल्बी काउंटी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तो लगाम काढला.

हा लगाम का हवा, हे बाबासाहेबांनी १५ जून १९४९ ला संविधान सभेत सांगितलं होतं. मसुद्यात प्रांतांसाठी वेगळे आयोग होते. बाबासाहेबांनी ते बदलून एकच केंद्रीय आयोग आणला. कारण काही प्रांतांची सरकारं वंशाने, संस्कृतीने, भाषेने वेगळ्या असलेल्यांना मतदार यादीबाहेर ठेवत असल्याच्या तक्रारी आल्या होत्या. त्यांची चिंता मोजणीची नव्हती, यादीची होती. आज आपल्याकडेही सगळं ठीक नाही: २०२३ च्या कायद्याने आयुक्त निवडणाऱ्या समितीतून सरन्यायाधीश गेले आणि केंद्रीय मंत्री आला.

आणि आपण? ईव्हीएमवर रात्ररात्र भांडतो, प्रारूप यादी कोणी वाचत नाही. आमच्या भागातली एक वस्ती पुनर्विकासात हलवली, तेव्हा अर्धी गल्ली 'स्थलांतरित' म्हणून यादीतून गेली. कळलं मतदानाच्या दिवशी. सत्तरीच्या एक आजी कार्ड हातात घेऊन केंद्रावरून परत आल्या, मलाच विचारत होत्या, "बाळा, मी मेले का रे?"

त्यांचा सहा नंबरचा फॉर्म मी नंतर भरला. निवडणूक तर होऊन गेली होती.